परवाना कोणी कोणाकडे मागायचा?

(पुण्यात पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गासाठी विषय सुचवावा असे संयोजकांनी कळविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अर्थसंकल्प, चलनवाढ किंवा सार्वजनिक उद्योगांचे भवितव्य अशा एखाद्या भारदस्त विषयाची असावी. मी निवडलेला विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. परस्परांशी नाते नसलेली अनेक माणसे एकाच घरात भाड्याने ठेवणाऱ्या मालकाला शासनाचा परवाना सक्तीचा असावा काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, एवढाच हा प्रश्न आहे. तथापि ज्या शहरात आपण बसलो आहोत त्या शहरात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, कारखान्यांत कंत्राटावर राबणारी, हॉटेलांत, दवाखान्यांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करणारी असंख्य तरुण मुलेमुली 'कॉट बेसिस'वर राहतात. आपल्या मोर्चांत हीच मुले येतात. ती रात्री कोठे निजतात, आणि तेथे आग लागली तर बाहेर कशी पडतील, याची चर्चा मात्र आपल्या बैठकांत मी फारशी ऐकलेली नाही.

आरंभी एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. महाराष्ट्रात आज घर भाड्याने घेताना जो करार होतो त्याला 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात. या करारातील 'लायसन्स' घरमालक देतो आणि राहणारा घेतो. कायद्याच्या परिभाषेत राहणारा हा भाडेकरू नसतोच. मालकाच्या अनुज्ञेने ठराविक मुदतीपुरता तेथे वावरणारा तो परवानाधारक असतो. इंग्लंडमध्येही हाच शब्द घरांच्या कायद्यात येतो. पण पाच किंवा अधिक माणसांना एकत्र भाड्याने ठेवायचे असेल तर तेथे परवाना मालकाने स्थानिक कौन्सिलकडे मागायचा असतो. शब्द एकच, परंतु अर्जदार वेगळा. राज्यसंस्था कोणाला जाब विचारते हे या फरकावरून समजते.

इंग्लंडचे उदाहरण मी का घेतो, असे कोणी विचारील. तो देश समाजवादी आहे असा माझा मुळीच दावा नाही. परंतु भांडवली शहरीकरणाचे सारे रोग त्या देशाने सर्वांच्या आधी भोगले, आणि त्यावरील औषधेही, बरीवाईट, तेथेच प्रथम करून पाहिली गेली. शिवाय महाराष्ट्रातून शिकायला गेलेली मुले आज तिकडच्या अशाच सामाईक घरांत राहतात, हेही विसरू नये.

प्रथम या धंद्याचे अर्थशास्त्र पाहू. समजा, दोन शयनखोल्यांची एक सदनिका आहे आणि एखादे कुटुंब तिचे महिना पंचवीस हजार रुपये भाडे देऊ शकते. त्याच सदनिकेत मालकाने आठ खाटा टाकल्या व प्रत्येक खाटेचे सहा हजार घेतले, तर उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार होते. बारा खाटा टाकून दर पाच हजारांवर आणला, तरी साठ हजार होतात. म्हणजे गर्दी जितकी अधिक तितका नफा अधिक, आणि ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी जागा येते तो चौरस फुटामागे सर्वांत अधिक मोल देतो. बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात की गिऱ्हाइकाला माल पसंत नसेल तर ते दुसरीकडे जाईल. पण परगावाहून आलेल्या, महिन्याभरात क्लास सुरू होणाऱ्या मुलाला निवडीला वाव किती? आणि भिंतीतली वायर जुनी आहे किंवा गच्चीच्या दाराला कुलूप आहे, हे त्याने जागा पाहायला आल्यावर दहा मिनिटांत कसे ओळखायचे? गर्दीला आळा घालणारी कोणतीही शक्ती या व्यवहारात अंगभूत नाही. ती बाहेरूनच यावी लागते.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट १८५१ साली मान्य झाली. शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने त्या वर्षी सार्वजनिक निवासगृहांचा, म्हणजे एका रात्रीच्या पैशांत निजायला जागा देणाऱ्या घरांचा, कायदा झाला. अशा घरांची नोंदणी व तपासणी त्याने सक्तीची केली. त्यामागे करुणेइतकीच पटकीची भीतीही होती हे उघड आहे. गरिबांच्या वस्तीतला रोग श्रीमंतांच्या वस्तीत येतो, हे ध्यानात आल्यावाचून सुधारणांना गती येत नाही, असा जगाचा अनुभव आहे.

पुढचा धडा अधिक बोलका आहे. १९५७ साली हुजूर पक्षाच्या सरकारने भाडेनियंत्रण सैल केले. जुना भाडेकरू निघून गेला की घर नियंत्रणमुक्त होई. परिणामी भरलेल्या घरापेक्षा रिकामे घर अधिक मोलाचे ठरले. लंडनच्या नॉटिंग हिल भागात पीटर रॅकमन या घरमालकाने ही संधी साधली. जुन्या भाडेकरूंना धाकदपटशाने हुसकायचे आणि त्या जागी कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या कामगारांना कोंबायचे, हा त्याचा व्यवसाय झाला. त्या कामगारांना इतरत्र कोणी दार उघडत नव्हते, म्हणून ते वाटेल ते भाडे देत. रॅकमन १९६२ मध्ये मरण पावला. पण 'रॅकमनिझम' हा शब्द इंग्रजी कोशात शिरला. १९६५ मध्ये मिल्नर हॉलंड समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून भाडेकरूंना स्थैर्य दिले आणि त्यांचा छळ करणे हा गुन्हा ठरविला. ते स्थैर्य १९८८ च्या कायद्याने नव्या भाडेकरूंपासून बव्हंशी काढून घेतले. दोन महिन्यांची नोटीस देऊन, कोणतेही कारण न सांगता घर रिकामे करून घेण्याची मुभा मालकांना मिळाली.

आता परवान्याकडे वळू. १९९९ मध्ये ग्लासगो येथे तळघरातील एका भाड्याच्या घराला आग लागून दोन विद्यार्थी मरण पावले. खिडक्यांना गज होते. धुराची सूचना देणारे यंत्र चालू नव्हते. स्कॉटलंडने २००० सालापासून अशा सामाईक घरांना परवाना सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने तो आणला व एप्रिल २००६ पासून अंमल सुरू झाला.

या कायद्याची रचना नीट पाहण्याजोगी आहे. परवाना माणसाला सरसकट मिळत नाही. प्रत्येक घरासाठी तो वेगळा घ्यावा लागतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षे चालतो. घरात किती माणसे राहू शकतील याचा आकडा त्यात लिहिलेला असतो. अर्जदार योग्य व लायक आहे काय हे कौन्सिल तपासते, आणि त्यात त्याने पूर्वी हिंसा किंवा फसवणूक केली आहे काय, एवढेच पाहत नाहीत. वंश, वर्ण, लिंग किंवा अपंगत्व यांवरून त्याने बेकायदा भेदभाव केला असेल तर तोही त्याच्या विरुद्ध जमेस धरला जातो. आपल्याकडे जात आणि धर्म विचारल्याशिवाय खोली न दाखविणाऱ्या मालकांना ही कसोटी लावून पाहावी. २०१८ पासून परवानाप्राप्त घरांत एका प्रौढाच्या निजण्याच्या खोलीचे किमान क्षेत्र ६.५१ चौरस मीटर ठरले आहे, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट, दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर. ही काही चैन नव्हे. आमच्या पेठांतील कॉट बेसिसच्या खोल्यांत सत्तर चौरस फुटांत किती खाटा मावतात हे आपण जाणताच.

मला सर्वांत मार्मिक वाटते ती शिक्षेची योजना. परवाना न घेता घर चालविणाऱ्यास दंड आहेच. २०१६ च्या कायद्याने कोर्टात न जाता कौन्सिललाच तीस हजार पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. पण त्याहून महत्त्वाचे असे की, अशा मालकाकडून भाडेकरूला आपले भरलेले भाडे परत मागता येते. ही मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजसंमती मिळालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने ती दोन वर्षांची केली आहे. शिवाय घराला परवाना नसेल तोवर त्या मालकाला विनाकारण घर रिकामे करून घेण्याची नोटीस बजावता येत नसे. एका हुशार कायद्याने प्रत्येक भाडेकरूला बिनपगारी निरीक्षक करून टाकले आहे, असे म्हटले तरी चालेल. नोकरशाही वाढेल अशी ज्यांना चिंता वाटते त्यांनी या युक्तीचा विचार करावा.

अर्थात हे सारे सुरळीत चालले असे समजण्याचे कारण नाही. आरंभी परवाना फक्त तीन किंवा अधिक मजली घरांना सक्तीचा होता. दुमजली घरात आठ माणसे कोंबणारा मालक त्यातून सहज निसटे. हा मजल्यांचा निकष ऑक्टोबर २०१८ मध्ये गेला, म्हणजे तब्बल साडेबारा वर्षांनी. पूर्व लंडनमधील न्यूहॅम या कौन्सिलने २०१३ पासून सबंध भागातील खाजगी भाड्याच्या जवळजवळ सर्वच घरांना परवाना लागू केला. पण अन्य अनेक कौन्सिलांनी हात राखूनच काम केले. मार्च २०२३ मध्ये त्याच पूर्व लंडनच्या शॅडवेल भागात दोन शयनखोल्यांच्या एका सदनिकेला ई-सायकलच्या बॅटरीतून आग लागली. त्या सदनिकेत अठराहून अधिक पुरुष राहत होते. बांगलादेशातून आलेला एक गृहस्थ त्यात दगावला. कायदा होता, मर्यादा होती, कौन्सिलही होते. रात्री जिना चढून खाटा मोजणारा कोणी नव्हता, आणि तक्रार केली तर रस्त्यावर येऊ ही धास्ती राहणाऱ्यांना होती.

म्हणून माझे मत असे की, परवाना हा एकटा चालत नाही. राहणाऱ्याला घरातून सहजासहजी काढता येणार नाही असे संरक्षण त्याला आधी हवे. इंग्लंडने ही जोडणी उलट्या क्रमाने केली. स्थैर्य १९८८ मध्ये काढून घेतले, परवाना २००४ मध्ये आणला आणि विनाकारण हुसकावणीचे कलम रद्द करणारा कायदा २०२५ मध्ये संमत केला. मधल्या काळात तक्रारीचे बळ भाडेकरूच्या अंगी कोठून यावे?

आता आपल्याकडे 'परवाना' म्हटले की लगेच 'परवाना राज' हा शब्द फेकला जातो. १९९१ नंतर वाढलेल्या पिढीला तो शिवीसारखाच वाटतो. त्यातला विवेक असा. औद्योगिक परवान्यांची संख्या मर्यादित असे. ज्याला परवाना मिळाला त्याला स्पर्धेपासून संरक्षण मिळे, आणि म्हणून परवानाच विकाऊ माल झाला. मोटार चालविण्याच्या परवान्याचे तसे नाही. अटी पुऱ्या करील त्या प्रत्येकाला तो मिळतो, त्याने कोणाची मक्तेदारी निर्माण होत नाही, आणि तो रद्द करा अशी मागणी उद्योगपतींच्या संघटनांनीही केलेली नाही. घरमालकाचा परवाना या दुसऱ्या जातीचा आहे. निरीक्षक लाच खाईल हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो हसून टाळता येणार नाही. त्यावर इंग्लंडमध्ये परवान्यांची नोंदवही जनतेस पाहण्यास खुली ठेवतात, आणि व्यवस्थापकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी घराच्या सामाईक भागात लावणे सक्तीचे आहे. मी तर म्हणेन की माणसांचा मंजूर आकडाही दारावर रंगवावा. आकडा सर्वांनी वाचला की लाच देण्यात फारसा अर्थ उरत नाही.

मालकांचा दुसरा आक्षेप असा की परवान्याची फी अखेर भाड्यात येईल. समजा, पाच वर्षांची फी हजार पौंड आहे आणि घरात पाच माणसे आहेत. दरडोई आठवड्याला एक पौंडही पडत नाही. खरा बोजा फीचा नसतो. आठ माणसांच्या घराला पाचांचाच परवाना मिळाला तर उरलेली तिघे जातील कोठे, आणि राहिलेल्या पाचांना ते भाडे परवडेल काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्या बाजूचे लोकही याचे उत्तर टाळतात. ब्रिटनने १९८० नंतर कौन्सिलची घरे राहणाऱ्यांना सवलतीने विकून टाकली आणि तितकी नवी बांधली नाहीत. त्यामुळे त्या तिघांना जायला जागाच उरली नाही. सार्वजनिक वसतिगृहे बांधल्याविना केवळ परवाना आणणे म्हणजे गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ढकलणे होय.

आता महाराष्ट्राकडे येतो. आपल्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या नावातच हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे शब्द होते. त्या कायद्याने भाडे गोठविले आणि भाडेकरूला स्थैर्य दिले. गिरणगावातला कामगार त्यामुळे टिकला. मात्र भाडे वर्षानुवर्षे गोठलेले राहिल्याने दुरुस्त्या थांबल्या, पागडी बोकाळली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी मनमानी ठरविल्या. हेही आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी कब्जात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचा दर्जा मिळाला. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने काटा पुन्हा मालकाकडे झुकविला. मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडायची, न सोडल्यास दुप्पट रक्कम भरायची. एक गोष्ट त्यात चांगली आहे: करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु नोंदणी कशाची होते? रकमेची, मुदतीची, अनामतीची. खिडकी उघडते काय, दुसरा जिना आहे काय, एका संडासामागे किती माणसे, याविषयी त्या दस्तात चकार शब्द नसतो.

पोलीस ठाण्यात मात्र राहणाऱ्याचे छायाचित्र, ओळखपत्र आणि मूळ गावाचा पत्ता द्यावा लागतो. माणसाची चौकशी झाली, घराची झाली नाही. जुलै २०२३ मध्ये वसतिगृहांच्या भाड्यावर बारा टक्के वस्तू व सेवा कर लागतो असे दोन राज्यांतील प्राधिकरणांनी ठरविले. मग जून २०२४ मध्ये कर परिषदेने महिना वीस हजारांपर्यंतच्या, किमान नव्वद दिवसांच्या निवासाला सूट दिली. या खाटा करखात्याला दिसल्या, पण त्याआधी त्या कोणा आरोग्य निरीक्षकाला दिसल्या असत्या तर बरे झाले असते.

याची किंमत काय पडते ते चंदीगडने पाहिले आहे. तेथे पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या घरांच्या नोंदणीचे धोरण २००६ पासून आहे. तरीही २२ फेब्रुवारी २०२० रोजी सेक्टर ३२ मधील, नोंदणीविना चालणाऱ्या अशाच एका घराला आग लागून तीन विद्यार्थिनी मृत्यू पावल्या. तमिळनाडूने २०१४ मध्ये स्त्रिया व मुले यांच्या वसतिगृहांसाठी खास कायदा करून जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण आपल्याकडे एक धोका दिसतो: स्त्रियांच्या वसतिगृहाचा प्रश्न निघाला की सुरक्षिततेचे रूपांतर पाहता पाहता पाळतीत होते. मुलगी किती वाजता परतली, तिला भेटायला कोण आले, याच्या नोंदी वाढतात. बाहेरून लावलेले कुलूप आगीच्या वेळी कोणी उघडायचे, हे मात्र ठरत नाही. परवान्याच्या अटी इमारतीला लागू असाव्यात. राहणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या वर्तनावर त्यात एकही ओळ असता कामा नये.

दोन अपवादांचा उल्लेख करतो. पेठेतील जुन्या वाड्यात स्वतः राहून एखादी खोली दोन मुलींना देणाऱ्या आजीबाईला आपण या जाळ्यात ओढू नये. इंग्लंडमध्येही मालक स्वतः राहत असून दोघांपेक्षा अधिक पाहुणे ठेवीत नसेल तर ते घर या व्याख्येत येत नाही. दुसरे असे की मुंबईत कोकणी आणि घाटी गिरणी कामगारांनी गावकीच्या खोल्या चालविल्या, गोव्याच्या गावकऱ्यांनी धोबी तलाव परिसरात कूड उभारले. या जागाही खचाखच भरत, पाळीपाळीने निजावे लागे, पण गर्दीचा नफा कोणाच्या खिशात जात नसे. अशा सहकारी निवासांकडून फी घेऊ नये. आगीचे नियम मात्र त्यांनाही सोडू नयेत, कारण धूर मालकी विचारीत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे; सामाईक घरांच्या परवान्याची तरतूद मात्र त्यात नाही. तेव्हा मागणी आपणच मांडावी लागेल. पाचांहून अधिक असंबंधित माणसे पैसे घेऊन ठेवणाऱ्या प्रत्येक घराला महापालिकेचा परवाना असावा. आकडा दारावर लावावा. परवाना नसेल तर भाडे परत मिळावे. तपासणीनंतर माणसे कमी करावी लागली तर कमी होणाऱ्यांची सोय होईपर्यंत कोणालाही बाहेर काढू नये, आणि त्यासाठी महापालिकेने स्वतःची वसतिगृहे बांधावीत. शेवटच्या मागणीला पैसा लागतो, म्हणून तीच प्रथम गाळली जाईल. तिच्यावर अडून बसावे लागेल.

तोपर्यंत येथे जमलेल्या मंडळींनी एक काम हाती घ्यावे. आपापल्या प्रभागातील एक गल्ली निवडा आणि अशी घरे किती आहेत ते पाहा. दिवसा जाऊ नका, तेव्हा मालक किंवा त्याचा माणूस असतो आणि राहणारे कामावर असतात. रात्री नऊनंतर, मुले खाणावळीतून परतल्यावर जा. खाटा किती, संडास किती, बाहेर पडायचे मार्ग किती, अनामत किती आणि कराराची प्रत हाती आहे काय, एवढेच विचारा. उत्तरे वहीत लिहा, पण राहणाऱ्यांची नावे लिहून घेऊ नका. ती वही उद्या कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही, आणि खोली त्यांची जाईल.